प्रुडन्स कार्टर यांची दोन पुस्तकं: सीमाभागातल्या मराठी शाळांनी काय घ्यावं, काय सोडावं

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ प्रुडन्स कार्टर यांचं 'कीपिन इट रिअल' २००५ साली आलं आणि 'स्टबर्न रूट्स' २०१२ साली. दोन्ही ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची आहेत. विषयही एकच आहे: वंश, संस्कृती आणि शाळेतली विषमता. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत शिकवणाऱ्यांनी आणि शाळा सुधारणा समितीवर बसणाऱ्यांनी ती वाचावीत असं माझं ठाम मत आहे. कारण लगेच सांगतो. सीमाभागातला मराठी माणूस स्वतःवरच्या अन्यायाबद्दल बोलायला शिकलेला आहे, आणि तो अन्याय खोटा नाही. पण आपल्याच शाळेच्या भिंतींच्या आत आपण कुणाला अडवतो, हे बघायची नजर आपल्याकडे कमी आहे. कार्टरबाईंकडे ती आहे.

आधी पहिलं पुस्तक. न्यूयॉर्क शहराला लागून यॉंकर्स नावाचं शहर आहे. या शहराने घरं आणि शाळा जाणूनबुजून वंशानुसार वेगळ्या ठेवल्या, असा निकाल तिथल्या फेडरल कोर्टाने १९८५ मध्ये दिला होता. त्याच शहरातल्या गरीब घरांतल्या ६८ काळ्या आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलामुलींशी बाईंनी बोलून घेतलं. वयं तेरा ते वीस. त्या वेळी अमेरिकेत एक सिद्धान्त जोरात होता. सिग्निथिया फोर्डहॅम आणि जॉन ओगबू यांनी १९८६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका शाळेच्या अभ्यासावरून म्हटलं होतं की काळी मुलं अभ्यासाला 'गोऱ्यांचं वागणं' समजतात आणि आपल्या माणसांत नाव जायला नको म्हणून मागे राहतात. म्हणजे दोष मुलांच्या मनोवृत्तीचा.

बाईंनी मुलांचं म्हणणं नीट ऐकलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. शिक्षण हवं, त्याने चांगली नोकरी मिळते, हे या मुलांना मान्य होतं. 'गोरा झालास' हा टोमणा चांगल्या मार्कांवरून मारला जात नव्हता. तो बोलण्याच्या ढबीवर, कपड्यांवर, ऐकायच्या गाण्यांवर आणि कुणाबरोबर फिरतोस यावर होता. मग बाई या मुलांचे तीन गट पाडतात. पहिला, शाळेची रीत पूर्ण उचलणाऱ्यांचा. दुसरा, शाळेत शाळेसारखं आणि गल्लीत गल्लीसारखं वावरणाऱ्यांचा. तिसरा, शिक्षणावर विश्वास आहे पण शाळेची रीत पाळत नाहीत अशांचा. पुस्तकाचा जीव या तिसऱ्या गटात आहे. 'ह्याला शिकायचंच नाही' असं आपण ज्याच्याबद्दल स्टाफरूममध्ये म्हणतो, तो मुलगा बहुतेक वेळा याच गटातला असतो.

या मांडणीमागे सांस्कृतिक भांडवलाची कल्पना आहे. ती मूळ फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिए यांची. वरच्या वर्गाचं बोलणं, वागणं, आवडीनिवडी शाळेत नाण्यासारख्या चालतात, असं ते सांगतात. बाईंची भर अशी की खालच्या वर्गाकडेही भांडवल असतं. ते त्यांच्या माणसांत पत मिळवून देतं, फक्त शाळेच्या गल्ल्यावर ते घेतलं जात नाही. हे आपल्याकडे तपासायला फार लांब जावं लागत नाही. आठवीतली मुलगी निबंधात लिहिते, 'आई म्हणाली, काय करालायस?' मास्तर तांबड्या शाईने काट मारून वर 'करतेस' लिहितात. प्रमाणभाषा शिकवायलाच हवी, त्यावर वाद नाही. पण तोंडी उत्तर देतानाही तिला 'आधी शुद्ध बोल' म्हटलं, की आठवडाभरात ती हात वर करायचं सोडते. प्रश्न विज्ञानाचा असतो, आणि उत्तर तिला येत असतं. सोपा उपाय असा: तोंडी उत्तरात फक्त आशय तपासायचा, भाषा तपासायची ती लेखी कामात. लेखी कामातही अवतरणातलं बोलणं घरच्या बोलीत असेल तर त्यावर काट मारायची नाही.

मराठी वाचकाला यात ओळखीचा सूर सापडेल. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत असं मागितलं होतं. मुलांत मिसळणारा आणि त्यांच्या गरजा समजणारा शिक्षक हवा, हे त्यांचं कारण. बाईंचं पाचवं प्रकरण जवळपास याच जागी येऊन पोचतं. दोन्ही जगांत वावरलेली माणसं मुलांना वाटाड्या म्हणून मिळाली तर मुलं शाळेची रीत शिकतात आणि घरची टाकतही नाहीत, असं त्यात दाखवलं आहे. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी दुसरं आणि पाचवं अशी दोनच प्रकरणं वाचली तरी चालेल.

सीमाभागात या वाटाड्यांची नेमकी जागा दहावी आणि पी.यू.च्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) मध्ये आहे. मराठी माध्यमाचं मूल दहावीला ६२५ गुणांची परीक्षा देतं, त्यातली पहिली भाषा १२५ गुणांची. निकाल लागतो आणि सायन्सला गेलं की जूनमध्ये फिजिक्स-केमिस्ट्री इंग्रजीतून सुरू होते. त्वरण आणि संयुजा कळलेलं मूल ॲक्सिलरेशन आणि व्हॅलन्सी ऐकून गप्प बसतं, आणि 'मराठी मीडियमची पोरं कच्ची' हा शिक्का पडतो. शब्दांचा अडथळा काढणं अवघड नाही. जानेवारीपासून रोज पाच संज्ञा, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी उच्चार आणि स्पेलिंग, असं वहीत उतरवलं तर साठ दिवसांत तीनशे होतात. एवढ्यात पी.यू.च्या पहिल्या वर्षाची सुरुवात निभावते. यात चुकतं ते असं की शिक्षक ही वही पाठांतराला देतात. संज्ञा वाक्यात वापरून घेतली नाही तर ती परीक्षेपुरतीच राहते.

गप्प बसण्यावर मात्र वहीचा इलाज नाही. तिथे त्याच गावातून दोन वर्षं आधी गेलेला माजी विद्यार्थी लागतो. पहिल्या तिमाहीत काय कळलं नाही, कुठल्या सरांना प्रश्न विचारता येतो, इंग्रजी चुकलं तर काय होतं, हे तोच सांगू शकतो. त्याला निरोप समारंभात भाषणाला उभं करून उपयोग नाही. दहावीच्या मुलांबरोबर पाच-सहाजणांच्या टोळक्यात तासभर बसवावं, आणि शिक्षकांनी तेवढा वेळ वर्गाबाहेर थांबावं.

पहिल्या पुस्तकातलं मुलग्यांवरचं तिसरं प्रकरण थोडं घाईत उरकल्यासारखं वाटतं, तरी मुद्दा पक्का आहे. अभ्यासू असणं आणि कणखर पुरुष असणं यांचा मुलग्यांच्या जगात मेळ बसत नाही, मुलींवर तो ताण तेवढा नसतो. दहावीनंतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत नाहीतर गोव्यात कामाला जाणाऱ्या मुलाकडे केवळ गरिबीच्या चष्म्यातून बघणाऱ्यांनी ते वाचावं. लवकर कमावता होणं ही त्याच्या वस्तीत मोठी पत असते. मार्कांनी तेवढी मिळत नाही.

आता 'स्टबर्न रूट्स'. हे जड आहे, तक्ते भरपूर आहेत, पण दोनांतलं मोलाचं हेच. अमेरिकेतल्या चार आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चार शाळांचा हा अभ्यास. कायद्याने वंशभेद मिटवलेल्या देशांत, सगळ्या वंशांची मुलं घेणाऱ्या शाळांच्या आत रोज काय घडतं, हा त्याचा प्रश्न. बाई शाळेचे दोन पदर वेगळे करतात. एक साधनांचा: इमारत, प्रयोगशाळा, शिक्षकसंख्या, पैसा. दुसरा सामाजिक-सांस्कृतिक: कुणाची भाषा चालते, कुणाचं रूप नीटनेटकं मानलं जातं, वरच्या तुकडीत कोण बसतं, कार्यक्रमात कोण दिसतं. पहिला पदर भक्कम असला म्हणून दुसरा आपोआप मोकळा होत नाही, हा पुस्तकाचा कणा आहे. अमेरिकेत त्यांना दिसलं ते असं: साधनसंपन्न, गोऱ्या बहुसंख्येच्या शाळांत काळी मुलं दाखल झाली, पण वरच्या पातळीच्या वर्गांत मोजकीच पोचली. आणि वेगवेगळ्या गटांत सहज मिसळण्याची लवचिकता काळ्या मुलांमध्ये गोऱ्या बहुसंख्येच्या शाळांपेक्षा अल्पसंख्याकांचीच बहुसंख्या असलेल्या शाळांत जास्त आढळली. चांगल्या शाळेत घातलं की काम झालं, या आपल्या समजुतीला हा धक्का आहे.

दक्षिण आफ्रिकेचा भाग सीमाभागातल्या वाचकाने सावकाश वाचावा. १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत काळी शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती निम्मे विषय आफ्रिकान्समधून, म्हणजे तिथल्या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून, शिकवायच्या सक्तीविरुद्ध. १९९६ च्या शाळा कायद्याने पालकांच्या नियामक मंडळांना शाळेची भाषा आणि फी ठरवायचा अधिकार दिला. राज्यघटनेत अकरा अधिकृत भाषा आल्या. तरीही एकेकाळी फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळांत इंग्रजी नाहीतर आफ्रिकान्सच चालत राहिली, आणि ऐपत असलेल्या काळ्या पालकांनी मुलं तिथेच घातली. केसांचे नियमही सरळ केसांना धरून केलेले. आफ्रिकन मुलीचे केस त्या नियमात बसणारच नव्हते. पुस्तकानंतर चार वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, प्रिटोरियातल्या मुलींच्या एका हायस्कुलात याच कारणावरून आंदोलन झालं.

आपल्याकडे काय चित्र आहे? कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं. त्याआधी ६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निर्णय दिला होता की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम सरकार पालकांवर लादू शकत नाही. त्या निर्णयाचा फायदा इंग्रजी माध्यमाने घेतला. मराठीसाठी आग्रह धरणाऱ्या घरांतली मुलंही तिकडे गेली. मराठी शाळेत उरलं ते बहुतेक गरिबाचं मूल. म्हणजे राज्यासमोर आपण भाषिक अल्पसंख्याक, आणि गावात, शाळेच्या समितीत, आपणच बहुसंख्य. अमेरिकेत काळे लोक साधारण तेरा टक्के आहेत, दक्षिण आफ्रिकेत ऐंशी टक्क्यांच्या आसपास. बाईंनी हे दोन देश शेजारी ठेवले, आणि सीमाभागातली मराठी शाळा एकाच वेळी त्या दोन्हींसारखी आहे. राज्याकडे बघताना पहिली बाजू दिसते. शाळेतल्या दलित वस्तीतल्या, धनगर-गवळी वाड्यावरच्या किंवा घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाकडे बघताना दुसरी दिसायला हवी.

साधनांबद्दलची निवेदनं आपण अनेक वर्षं लिहितो आहोत: मराठी शिक्षकांची रिकामी पदं, उशिरा येणारी पुस्तकं, जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांना शाळेच्या वेळेला न जुळणाऱ्या बसगाड्या. ती लिहीतच राहावीत. पण दुसऱ्या पदराची तपासणी कुणाकडे अर्ज न करता करता येते. पाहुणे येतात तेव्हा आरतीचं ताट घेऊन कोणत्या मुली उभ्या असतात? झाडू कोणाच्या हातात असतो? सुकटीचा डबा उघडला की कोण नाक मुरडतं आणि शिक्षक काय करतात? 'प्रतिभा कारंजी'ला, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शालेय कलास्पर्धांना, दरवर्षी कुणाच्या घरची मुलं जातात? पुस्तकातल्या केसांच्या नियमाची जागा आपल्याकडे या गोष्टींनी घेतली आहे.

पुस्तक वाचून एखाद्या शाळेला प्रत्यक्ष मोजणी करायची असेल तर बाईंच्या प्रश्नावलीची नक्कल करू नये. ती तिकडच्या मुलांसाठी बेतलेली आहे. त्यापेक्षा साधी पद्धत चालते. एका वर्गावर दुसऱ्या शिक्षकाने मागे बसून दोन आठवडे रोज दोन तास बघायचं. कागदावर फक्त हजेरी क्रमांक लिहायचे. प्रश्न विचारला की त्या क्रमांकापुढे एक रेघ, उत्तर चुकल्यावर शिक्षकांनी मदत केली की गोल, गप्प राहिल्यावर लगेच पुढच्याला विचारलं की फुली. पहिले दोन दिवस मोजणीत धरायचे नाहीत, कारण बघणारा आहे म्हणून शिक्षक वेगळं वागतात. मग मुख्याध्यापकांनी एकट्याने, दाखल-खारीज रजिस्टर बघून, ते क्रमांक वस्ती आणि सामाजिक गटाशी जुळवायचे. समजा पस्तीस मुलांच्या वर्गात बारा मुलं एका वस्तीतली आहेत आणि १५० रेघांपैकी त्यांच्या वाट्याला वीसच आल्या. वर्गातल्या प्रमाणाने पन्नास-एक यायला हव्या होत्या. एवढा फरक योगायोगाचा नसतो.

चुकतं ते इथे. गैरहजेरीचे दिवस वजा केले नाहीत तर गैरहजर मुलांचा आकडा उगाच खाली दिसतो. गटात तीन-चारच मुलं असतील तर टक्केवारी काढू नये, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वर्गात उभं करून जात विचारणं तर कुठल्याही कारणासाठी करायचं नाही. मुलांना 'तुम्हाला वेगळं वागवतात का' असं थेट विचारलं तर सगळी 'नाही सर' म्हणतात, म्हणून ती माहिती धरू नये. आणि निष्कर्ष सभेत त्या शिक्षकाचं नाव घेऊन वाचला तर पुढच्या वर्षी कुणीच वर्गात बसू देणार नाही. फुल्या जास्त निघाल्या तर उपाय स्वस्त आहे: प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबायचं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं की एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात.

पुस्तकांच्या उणिवा सांगायला हव्यात. 'स्टबर्न रूट्स'मधली लवचिकता मुलांनीच दिलेल्या उत्तरांवरून, एकाच वेळच्या पाहणीत मोजली आहे. त्यामुळे शाळेने मुलं लवचिक केली की लवचिक मुलं तशा शाळेत गेली, हे आठ शाळांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसरी उणीव मला जास्त बोचते. लवचिकता हा गुण म्हणून मांडला की ओझं नकळत पुन्हा मुलावर येतं. बाईंचा रोख शाळेवर आहे, पण घाईत वाचणारा शिक्षक 'मुलांनी जुळवून घ्यावं' एवढंच उचलेल. आणि आपल्या मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत जुळवून घ्यावं लागतं. कन्नड चांगलं बोलणाऱ्या मराठी मुलाला आपल्याच माणसांनी टोमणा मारला तर तो यॉंकर्समधल्या टोमण्याच्याच जातीचा आहे, एवढं मात्र या पुस्तकांवरून ठामपणे म्हणता येतं. मराठीच्या हक्कासाठी भांडणं आणि त्या मुलाला मोकळं सोडणं यांत विरोध नाही.

जात हा पदर या पुस्तकांत नाही, आणि वंशाच्या जागी जात ठेवून वाचलं तर फसगत होते. कातडीचा रंग लपत नाही. जात आडनावातून, वस्तीतून, शिष्यवृत्तीच्या यादीतून कळते. म्हणून शिष्यवृत्तीची नावं प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचणं आपल्याकडे जेवढं टोचतं, तसा प्रसंग या पुस्तकांत शोधून सापडणार नाही. त्यासाठी आपली परंपरा वाचावी लागेल, आणि ती जवळच आहे. शाहू महाराजांची वसतिगृहं कोल्हापुरात उभी राहिली, आणि बाबासाहेबांची बहिष्कृत परिषद १९२५ मध्ये निपाणीत भरली.

काही माहिती आता जुनी झाली आहे. दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्ती कायद्याने शाळेची भाषा आणि प्रवेश यांवरचा शेवटचा शब्द प्रांतिक शिक्षण खात्याकडे नेला. अमेरिकेत जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत बंद पाडली. वाचताना हे दोन बदल समासात लिहून ठेवावेत.

भाषेबद्दल एक सूचना. पहिल्या पुस्तकात मुलांचं बोलणं त्यांच्याच इंग्रजीत आहे. व्याकरणाचं इंग्रजी शिकलेल्याला ते आधी अडतं. मोठ्याने वाचलं की कळतं. दुसऱ्यातले तक्ते पहिल्या वाचनात सोडून द्यावेत आणि मुलाखतींचे उतारे आधी घ्यावेत.

एकच घ्यायचं असेल तर वर्गात उभं राहणाऱ्या शिक्षकाने 'कीपिन इट रिअल' घ्यावं, मुख्याध्यापक आणि समितीच्या लोकांनी 'स्टबर्न रूट्स'. ज्यांचं काम निवेदनं आणि याचिका लिहिण्याचं आहे त्यांना या दोन्हींपेक्षा बाईंनी केव्हिन वेल्नर यांच्याबरोबर संपादित केलेला २०१३ चा 'क्लोजिंग द अपॉर्च्युनिटी गॅप' हा लेखसंग्रह जास्त उपयोगी पडेल. मुलं कमी पडतात असं म्हणण्याऐवजी त्यांना संधी किती कमी मिळाली ते मोजा, हा त्याचा मुद्दा आहे. घर, आरोग्य, शिक्षकांचा दर्जा, भाषा असे विषय त्यात वेगवेगळ्या लेखांत येतात, त्यामुळे लागेल तेवढाच लेख काढून वाचता येतो. तीनही पुस्तकं एकट्याने विकत घेणं परवडत नाही. केंद्रातल्या चार-पाच शाळांनी मिळून एक संच घ्यावा आणि प्रत्येक शाळेने एकेक प्रकरण वाचून महिन्याच्या बैठकीत मांडावं.